रत्नपरीक्षा विज्ञान म्हणून शिकवली जावी

मा. संपादक यांस,
स. न.

निकालांच्या दिवसांत निघणाऱ्या करिअरविषयक पुरवण्यांमध्ये रत्नपरीक्षकाच्या व्यवसायाचीही ओळख करून दिली जाते, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्यात राशी, ग्रह आणि कोणाला कोणता खडा ‘लाभतो’ याची माहिती मिसळली की विद्यार्थ्यांची दिशाभूल होते. पुष्कराज कोणत्या बोटात घालावा, हे सांगणे रत्नपरीक्षकाचे काम नव्हे. समोरचा खडा पुष्कराज आहे की पिवळी काच, तो खाणीतला आहे की कृत्रिम, हे त्याने पुराव्यानिशी सांगायचे असते.

या कामाचा पाया भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र हा आहे. माणिक आणि तांबडे स्पिनेल (हे वेगळेच खनिज आहे) नजरेला इतके सारखे दिसतात, की ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ म्हणून गाजलेला खडाही प्रत्यक्षात स्पिनेलच आहे. पण माणकाचा अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) १.७६ ते १.७७ आणि स्पिनेलचा साधारण १.७२ असल्याने उपकरणावर दोहोंतला फरक लगेच कळतो. भेगांत शिशाची काच भरलेले माणिक ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली काचेतले बुडबुडे आणि निळसर झळक टिपण्याची सवय लागते व ती पुस्तक वाचून लागत नाही. हिऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही रचनेने हिराच असल्यामुळे दहापट भिंगाने किंवा पेढीवरच्या उष्णतावाहकता तपासणाऱ्या साध्या यंत्राने तो खात्रीने वेगळा काढता येत नाही. त्यासाठी वर्णपटाचा अभ्यास करणारी महागडी साधने लागतात. म्हणून पालकांनी प्रवेशापूर्वी नोकरीच्या हमीची चौकशी करण्याऐवजी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष किती आणि कोणते खडे हाताळायला मिळतील, हे विचारावे.

झवेरी बाजार आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स हा हिऱ्यांचा बाजार मुंबईत असूनही भूशास्त्राचे आपले पदवीधर या क्षेत्राकडे क्वचितच वळताना दिसतात. (दख्खनच्या पठारावरील झिओलाइट या खनिजाचे सुंदर स्फटिक पाहायला लोक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात येतात, त्याच राज्यात हे घडावे!) महाविद्यालयांनी पदवीच्या अखेरच्या वर्षी रत्नपरीक्षेचा प्रात्यक्षिकांसह ऐच्छिक विषय ठेवल्यास ही उणीव काही अंशी भरून निघेल.

सोन्याच्या दागिन्यांचे हॉलमार्किंग २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले; खड्यांच्या बाबतीत तसे बंधन नाही. खडा विकणाराच त्याचे प्रमाणपत्र देत असेल, तर ग्राहकाने त्या कागदावर विश्वास कसा ठेवावा? असे प्रमाणपत्र देणाऱ्यांची किमान पात्रता शासनाने निश्चित करावी, अशी विनंती आहे.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, नाशिक