जीएसटीचा दाखला आपल्या नावावर, तर ओटीपीही आपल्याच मोबाइलवर यावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराचा जीएसटी नोंदणीचा अर्ज नामंजूर होतो किंवा मिळालेला नंबर रद्द होतो, तेव्हा त्यामागे करचुकवेगिरी क्वचितच असते. बहुतेकदा जागेचा कागद जुळलेला नसतो, नाहीतर आलेली नोटीस कुणी उघडलेलीच नसते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

मोंढ्यातली, म्हणजे बाजारपेठेतली, जुनी मंडळी अजून 'विक्रीकराचा नंबर' असेच म्हणतात. १ जुलै २०१७ पासून व्हॅटची जागा वस्तू व सेवा कराने घेतली आणि पॅनवर आधारलेला पंधरा अंक-अक्षरांचा क्रमांक आला. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे आपला पॅन. त्यामुळे समोरच्याच्या बिलावरचा क्रमांक खरा की खोटा याचा पहिला अंदाज नुसता वाचूनही येतो. खात्री जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरच्या 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये, लॉगिन न करता, मिनिटभरात होते.

नंबर कुणाला लागतो, याबाबत गैरसमज फार आहेत. केवळ मालाचा धंदा असेल तर वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची, सेवेसाठी ही मर्यादा २० लाख. यातला 'केवळ' हा शब्द नीट वाचावा. पाण्याचे पंप विकणारा दुकानदार मोटार रिवाइंडिंगची मजुरीही घेत असेल, तर तो केवळ मालाचा व्यापारी राहत नाही आणि त्याची मर्यादा २० लाखांवर येते. वीटभट्टीवाल्यांनाही १ एप्रिल २०२२ पासून ४० लाखांची सवलत नाही. दुसरा गैरसमज करमुक्त मालाचा. एखाद्या कृषी सेवा केंद्राने वर्षभरात १५ लाखांचे बियाणे, १८ लाखांचे खत आणि ९ लाखांची कीटकनाशके विकली. बियाण्यावर कर नाही, म्हणून ते सोडून २७ लाखच धरायचे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मर्यादा मोजताना करमुक्त विक्रीही धरावी लागते. ही उलाढाल ४२ लाख झाली. मात्र ज्याचा सगळाच माल करमुक्त आहे त्याला, आणि स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला, नोंदणीची गरज नाही.

सीमेवरच्या गावांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. देगलूर, धर्माबाद, बिलोली, उदगीर, उमरगा इथल्या व्यापाऱ्यांचा तेलंगणा-कर्नाटकाशी रोजचा व्यवहार. दुकानात येऊन पिशवीत माल घेऊन जाणारे गिऱ्हाईक वेगळे आणि गाडी भरून निजामाबादला किंवा बिदरला पाठवलेला माल वेगळा. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला तर ४० लाखांची मर्यादा लागू होत नाही. पहिल्याच बिलाला नोंदणी हवी. नोंदणी न करता धंदा केल्याचा दंड दहा हजार रुपये किंवा बुडवलेला कर, यांतली जी रक्कम मोठी ती. हा दंड केंद्राच्या आणि राज्याच्या कायद्याखाली वेगवेगळा लागतो.

आता अर्ज. सरकारी फी शून्य. सल्लागाराला किंवा सेवा केंद्राला द्यायचे ते त्यांच्या कामाचे पैसे; 'सरकारी चलन' म्हणून कुणी रक्कम मागत असेल तर पावती मागावी.

आरईजी-०१ या अर्जाच्या पहिल्या भागात पॅन, मोबाइल आणि ईमेल द्यायचा असतो. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. वेळ वाचावा म्हणून अर्ज भरणारा स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचाच ईमेल टाकतो. त्या दिवसापासून विभागाची प्रत्येक विचारणा, प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि दुकानदाराला काहीच कळत नाही. दुसऱ्याच्या हातात ओटीपी असलेल्या क्रमांकावर खोटी बिले फाडली गेली, तर नोटीस मात्र दुकानदाराच्या नावानेच निघते. आम्हा सल्लागारांना यामुळे राग येईल, पण सांगितलेच पाहिजे: मोबाइल आणि ईमेल मालकाचाच टाका. आधीच दुसऱ्याचा टाकला असेल तर ओळखपत्र, पॅन आणि धंद्याचा पुरावा घेऊन आपल्या हद्दीच्या कर अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. अधिकारी मोबाइल व ईमेल बदलून देतात आणि नव्या ईमेलवर तात्पुरता पासवर्ड येतो.

पहिला भाग झाला की टीआरएन (तात्पुरता संदर्भ क्रमांक) मिळतो आणि दुसरा भाग पंधरा दिवसांत पुरा करावा लागतो. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. छायाचित्र १०० केबीच्या आत, जेपीईजीमध्ये. पॅनवर नाव जसे आहे तसेच लिहायचे. पॅनवर वडिलांचे नाव असेल आणि आधारवर नसेल, तर आधी ते जुळवून घ्यावे. आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे ना, हे अर्जाआधीच पाहावे. अर्ज दिल्यावर आधार पडताळणीची लिंक येते आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक दहा वर्षांपूर्वीच्या बंद सिमचा निघाला की पडताळणी अडते. मग सात कामकाजाच्या दिवसांचे काम तीस दिवसांवर जाते आणि अधिकारी जागा पाहायला येतात. पोर्टलने जोखमीचा ठरवलेला अर्ज असेल तर बोटांच्या ठशांसाठी केंद्रावर जावे लागते. वेळ ठरवून मिळते, मूळ कागद सोबत न्यावेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून, नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या वर जाणार नाही, अशांसाठी तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर देणारा सोपा पर्यायही आहे. त्यालाही आधार पडताळणी लागतेच.

जागेच्या कागदावर थोडे थांबतो, कारण आपल्या भागात खरी अडचण इथे आहे. पोर्टल विचारते, जागा मालकीची, भाड्याची की संमतीची? जो पर्याय निवडला त्याचाच कागद हवा. 'भाड्याची' निवडून संमतीपत्र जोडले की विचारणा आलीच. मालकीच्या जागेला घरपट्टीची पावती, ताजे वीजबिल किंवा नगरपालिकेचा उतारा, यांपैकी एक कागद पुरतो. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या नोंदीचा उतारा) असतो. भाड्याच्या जागेला भाडेकरार आणि घरमालकाच्या मालकीचा एक पुरावा. करार नोंदणीकृत नसेल तर घरमालकाचे ओळखपत्रही. वडील, पत्नी, भाऊ यांच्या जागेत दुकान असेल तर साध्या कागदावरचे संमतीपत्र, त्यांचे ओळखपत्र आणि मालकीचा एक पुरावा. पाचशेच्या मुद्रांकाची गरज नाही.

एकत्र कुटुंबात मीटर अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षे झालेली, आणि घर तीन भावांत तोंडी वाटलेले, हे चित्र परभणी-हिंगोलीपासून बीड-धाराशिवपर्यंत सारखेच. गेलेल्या माणसाची संमती जोडता येत नाही आणि इथेच अर्ज परत येतो. उपाय अर्जाआधीचा आहे: ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत वारसनोंद करून चालू नावाची घरपट्टी घ्यावी, महावितरणकडे मीटरचे नाव बदलून घ्यावे आणि ज्याचे नाव लागले त्याची संमती जोडावी. याला वेळ लागतो, म्हणून उलाढाल ३० लाखांपाशी आली की कागद हलवायला लागावे. जुन्या कागदावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्यावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असेल, तर खुलाशात एक ओळ लिहून टाकावी. पत्ता भरताना नकाशावरची खूणही तपासावी. ती गावाऐवजी तालुक्याच्या चौकात पडली तर पाहणीला आलेला अधिकारी दुसरीकडेच जाऊन उभा राहतो.

अधिकाऱ्यांनी काय मागू नये, यालाही बंधन आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत आपल्या अधिकाऱ्यांना बजावले आहे की यादीबाहेरचे कागद मागू नयेत आणि 'राहता एका गावी, दुकान दुसऱ्या गावी का' असले अंदाजाचे प्रश्न विचारू नयेत. राज्याच्या कार्यालयांतही हीच शिस्त दिसावी, अशी आमची मागणी आहे.

विचारणा आली तर ती आरईजी-०३ मध्ये येते आणि उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. उत्तर गेले नाही तर अर्ज फेटाळला जातो. उत्तर देताना नुसते 'कागद जोडला आहे' न लिहिता कोणत्या मुद्द्याला कोणता कागद, हे ओळीने लिहावे. पाहणी होणार असेल त्या काळात दुकान उघडे, पाटी लावलेली आणि कुणीतरी माहितगार हजर असावा.

आरईजी-०६ म्हणजे दाखला हाती आला की लोक पेढे वाटतात, पण पहिले तीस दिवस सर्वांत धोक्याचे असतात. बँक खात्याचा तपशील तीस दिवसांत किंवा पहिला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, पोर्टलवर टाकावा लागतो. नाही टाकला तर नोंदणी निलंबित होते. खाते त्याच पॅनवरचे हवे. एकल मालकाने मुलाचे किंवा बायकोचे खाते दिले तर ते जुळत नाही.

दुसरी तीस दिवसांची मुदत पैशांची आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. मर्यादा ओलांडल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला असेल, तर मर्यादा ओलांडली त्याच्या आदल्या दिवशी दुकानात शिल्लक असलेल्या मालावर भरलेला कर आयटीसी-०१ हा अर्ज भरून परत वजावटीला मिळतो. १८ टक्क्यांचा पाच लाखांचा माल शिल्लक असेल तर हे नव्वद हजार रुपये झाले. बिले वर्षाच्या आतली हवीत आणि दोन लाखांवरच्या दाव्याला सीएचे प्रमाणपत्र लागते. अर्ज उशिरा केला की हा हक्क जातो.

तिसरा विसर व्यवसाय कराचा. जीएसटीत आलेल्या व्यापाऱ्याला राज्याचा व्यवसाय कर, पीटीईसी, वर्षाला २,५०० रुपये वेगळा भरावा लागतो. त्याची नोंदणी जीएसटीच्या अर्जात आपोआप होईल असे धरून चालू नये.

दाखला दुकानात ठळक जागी लावायचा आणि जीएसटी क्रमांक प्रवेशाजवळच्या पाटीवर लिहायचा. कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठरावीक दराच्या योजनेत) असाल तर पाटीवर आणि बिलावर तसे लिहिणे सक्तीचे; गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही.

सोयाबीनच्या हंगामात भाड्याने घेतलेले गोदाम दाखल्यावर 'अतिरिक्त जागा' म्हणून चढवले नसेल, तर तिथला माल तपासणीत अडकतो. जागा, भागीदार किंवा नाव बदलले तर पंधरा दिवसांत आरईजी-१४ हा दुरुस्तीचा अर्ज भरावा. मात्र एकल मालकीची भागीदारी केली तर पॅन बदलतो आणि मग दुरुस्ती चालत नाही, नवीनच नंबर. मालकाचे निधन झाले तरी तेच. वारसाने हद्दीच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून जुन्या खात्यावर स्वाक्षरीचा अधिकार घ्यावा, स्वतःचा नवा नंबर काढावा, आयटीसी-०२ या अर्जाने शिल्लक क्रेडिट (वजावटीचा कर) नव्या नंबरवर आणावे आणि मगच जुना रद्द करावा. उलटा क्रम केला तर क्रेडिट बुडते.

धंदा झाला नाही म्हणून विवरणपत्र सोडू नये. शून्याच्या जीएसटीआर-३बीला (कर भरण्याच्या विवरणपत्राला) दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते, इतरांना ५० रुपये. शून्य विवरणपत्र १४४०९ वर एसएमएस पाठवूनही भरता येते, संगणकाची गरज नाही. दोन विवरणपत्रे थकली की ई-वे बिल (माल वाहतुकीचे ऑनलाइन बिल) बंद. मासिक भरणाऱ्याची सलग सहा महिन्यांची, तिमाहीवाल्याची सलग दोन तिमाहींची विवरणपत्रे थकली की नंबर रद्द करण्याची नोटीस, आरईजी-१७, निघू शकते आणि उत्तराला पुन्हा सातच कामकाजाचे दिवस. नोटीस पोर्टलवर टाकली म्हणजे बजावली, असे कायदा मानतो. टपालाची वाट पाहू नये. दर सोमवारी लॉगिन करून 'व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' हे पान उघडावे, नोंदणीच्या विभागातही डोकवावे. नंबर रद्द झालाच तर आदेशापासून ९० दिवसांत तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज, आरईजी-२१, भरता येतो. सबळ कारण दिले तर आणखी १८० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. पण आधी सगळी थकीत विवरणपत्रे, कर, व्याज आणि शुल्क भरावे लागते.

आणि दुकान खरेच बंद केले तर आरईजी-१६ हा अर्ज देऊन नंबर रीतसर रद्द करावा. तेवढ्यावर काम संपत नाही. रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरायचे असते. ते राहिले तर दिवसाला २०० रुपये, कमाल दहा हजारांपर्यंत. दुष्काळात दुकान गुंडाळलेल्या माणसाला वर्षभराने ही नोटीस येते, तेव्हा ते दहा हजार त्याला फार मोठे असतात.

राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे दोनच मागण्या. आरईजी-०३ आणि आरईजी-१७ निघताच मालकाच्या मोबाइलवर मराठीतून, उत्तराच्या शेवटच्या तारखेसह संदेश जावा. आणि जिल्ह्याच्या कार्यालयांनी महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या मोंढ्यात बसून मोबाइल-ईमेल बदलाचे अर्ज जागेवर घ्यावेत. किनवट किंवा आष्टीच्या दुकानदाराला त्या एका कामासाठी दुकान बंद ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागू नये.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार, लातूर