ताई, तुम्ही केसपेपरच्या मागे काढलेला तो गोल

ताई,
सप्रेम नमस्कार.

नावावरून तुम्हाला मी आठवणार नाही. रोज कितीतरी माणसं तुमच्या मशीनवर हनुवटी टेकवत असतील. पण गेल्या श्रावणात कराडच्या डोळे तपासणीच्या शिबिरात एका ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं पर्समधून सुई काढून तुमच्यासमोर एका दमात दोरा ओवून दाखवला होता, ती मी. “बघा, माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही,” असं वर ऐकवलंही होतं. तुम्ही रागावला नाहीत. सुई आत ठेवायला लावलीत आणि डोळ्यांत थेंब घातलेत.

साखर निघून मला तेव्हा १३ वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या, चष्म्याचा नंबरही वेळच्या वेळी काढत होते. पण साखर असलेल्या माणसानं डोळ्याचा पडदा दरवर्षी बघून घ्यायचा असतो, हे इतक्या वर्षांत मला कुणीच सांगितलं नव्हतं. नंबर काढणाऱ्यानं नाही, गोळ्या लिहून देणाऱ्यानंही नाही.

फोटो निघाला. नारिंगी गोल आणि त्यावर कुंकू सांडावं तसे लाल ठिपके. मला काही कळेना, तेव्हा तुम्ही केसपेपर उलटा केलात, पेनानं एक गोल काढलात आणि भाकरीचे करतात तसे त्याचे चार चतकोर केलेत. चारही चतकोरांत रक्ताचे भरपूर ठिपके, किंवा दोन चतकोरांत मण्यांच्या माळेसारखी फुगलेली शीर, किंवा एका चतकोरात ठळक दिसणाऱ्या वेड्यावाकड्या बारीक शिरा. चार, दोन, एक. यातलं एक जरी असलं तरी साखरेमुळे होणारा पडद्याचा आजार तीव्र. माझ्या उजव्या डोळ्यात पहिलं होतं.

मग तुम्ही जे बोललात ते आजही जसंच्या तसं कानात आहे. अशा शंभर डोळ्यांपैकी निम्म्या डोळ्यांत वर्षभरात नव्या शिरा फुटतात. त्या नाजूक असतात, त्यांतून रक्त आलं की डोळ्यापुढे अंधार येऊ शकतो. आजार सौम्य असेल तर शंभरात पाचेकच. मी म्हटलं, आज तर मला स्वच्छ दिसतंय. तुम्ही म्हणालात, “मी आजचं सांगत नाही, पुढच्या श्रावणाचं सांगतेय.”

त्या गोलाशेजारी तुम्ही माझे आकडे लिहिलेत. तीन महिन्यांची सरासरी साखर १०.४, बीपी १६०/१००. हे जितके वर तितका धोका वर, म्हणालात. पण साखर एकदम खाली आणली तर सुरुवातीला पडदा आणखी बिघडू शकतो, म्हणून डॉक्टरांना डोळ्यांचं आधी सांगा, हेही तुम्हीच बजावलंत. ते सांगितलं नसतंत, तर मी घरी जाऊन जेवणच सोडलं असतं. माझा स्वभावच तसा आहे.

पुढे मुलानं वाचून सांगितलं, की शंभरातल्या किती डोळ्यांत नव्या शिरा फुटतात ते आकडे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आलेत. त्यात ३,७११ मधुमेही होते. प्रत्येकाच्या एका डोळ्याला लगेच लेसर केलं आणि दुसरा नुसता नजरेखाली ठेवला. अशा थांबवून ठेवलेल्या डोळ्यांत पुढे काय होत गेलं, ते १९९१ साली छापून आलं. ताई, त्या रात्री मला झोप आली नाही. कुठली कोण माणसं, त्यांनी आपला एक डोळा थांबवून ठेवला, म्हणून मला माझ्या डोळ्याचं पुढचं कळलं. हे आभार त्यांनाही आहेत, पण त्यांना पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू?

चार महिन्यांनी यायचं ठरलं होतं. मार्गशीर्षात लग्नसराई, २७ ब्लाऊज पडून होते, मी टाळत होते. तुम्ही दोनदा फोन केलात. दुसऱ्यांदा म्हणालात, “ब्लाऊज थांबतील, शिरा थांबणार नाहीत.” तशीच उठून आले. उजव्या डोळ्यात नव्या शिरा फुटायला लागल्या होत्या. रक्त अजून आलं नव्हतं.

तीन बैठकांत लेसर झालं. हिरवा उजेड, टक टक, आणि डोळ्याच्या मागे कळ. गेलेलं दिसणं लेसरनं परत येत नाही, आहे ते राखायचं, हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. रात्री थोडं अंधुक दिसेल हेही सांगितलं होतंत. तसंच झालं. आता सात वाजले की मी मशीन बंद करते. डाव्या डोळ्यावर अजून फक्त नजर ठेवलीय. तीन महिन्यांची साखर ७.३ वर आलीय.

काल हातशिलाईच्या काळ्या ब्लाऊजला काळ्या दोऱ्यानं हुक लावत होते. सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला, पण गेला. तो केसपेपर मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, खडू आणि टेपच्या शेजारी.

पुढच्या तपासणीला दोन्ही जावांना घेऊन येतेय. दोघींनाही साखर आहे आणि दोघीही म्हणतात, आम्हाला चांगलं दिसतंय. त्यांनाही तो गोल काढून दाखवा. आणि तुमचा एखादा ब्लाऊजपीस काढून ठेवा. माप तिथंच घेईन, शिलाई घेणार नाही.

तुमची,
कराडची ब्लाऊजवाली