खुल्या चर्चेचं प्रोसिडिंग कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत झालेल्या ‘शहर विकासावर खुली चर्चा’ या कार्यक्रमाची बातमी आपल्या दैनिकात फोटोसह आली. ‘मान्यवरांनी मांडल्या शहराच्या समस्या’ असा मथळा होता. मी त्या कार्यक्रमाला शेवटपर्यंत बसून होतो, त्यामुळे बातमी खोटी नाही हे सांगू शकतो. मान्यवरांनी समस्याच मांडल्या. पण समस्या मांडायला आम्ही आहोत की! ती कामं ज्यांच्या हातात आहेत, त्यांनीही व्यासपीठावरून गाऱ्हाणीच सांगायची तर समोर बसलेल्यांनी काय करायचं?

मी निवृत्त ग्रामसेवक. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असं भारदस्त नाव मिळालंय. आमच्या वेळी कागदावर ग्रामसेवक आणि लोकांच्या तोंडी भाऊसाहेब. सगळी नोकरी पंचगंगेच्या काठच्या गावांत ग्रामसभांचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, लिहिण्यात गेली. मुलाने इथे घर घेतलं म्हणून शहरात आलो. सवय जात नाही. सभा दिसली की जाऊन बसतो आणि खिशातल्या वहीत टिपून घेतो. तर त्या दिवशीच्या वहीवरून हे पत्र लिहितोय.

कार्यक्रम दहाचा होता, सुरू झाला सव्वाअकराला. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार. हल्ली शालीबरोबर रोप देतात. ती सगळी रोपं टेबलावर मांडल्यावर मान्यवरांचे चेहरे पाठीमागे गेले. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. चिठ्ठ्या गोळा झाल्या, सूत्रसंचालकाच्या फाइलमध्ये गेल्या आणि ‘वेळेअभावी’ तिथेच राहिल्या. दोन-तीन वाचल्या गेल्या त्या उद्योजकांच्या होत्या.

चिठ्ठीची वाट न बघता उठून बोलल्या त्या एकच बाई. मागाच्या कांड्यांवर सूत भरायच्या कांडी मशीनवर काम करतात. म्हणाल्या, “साहेब, आमच्या गल्लीत पाणी कधी रात्री दीडला येतं, कधी पहाटे चारला. मी सकाळी सातला कारखान्यात असते. किती वाजता सोडणार एवढं आदल्या दिवशी कळवा, बास.” यावर एका नेत्यांनी बराच वेळ उत्तर दिलं. पंचगंगा कशी खराब झाली, मग कृष्णेचं पाणी कसं आणलं, वारणेच्या योजनेला दानोळी गावात कसा विरोध झाला, मग दूधगंगेवरची सुळकूड योजना केंद्राच्या ‘अमृत’ योजनेतून कशी मंजूर झाली आणि कागलकडच्या गावांनी ती कशी अडवली. सगळं खरं आहे. पण बाईंनी नदी मागितली नव्हती, वेळ विचारली होती. ती पाणी सोडणाऱ्या वॉलमनला माहीत असते. त्यासाठी ना मंत्रालय लागतं ना शेजारच्या तालुक्याची संमती. बाई उत्तर ऐकून खाली बसल्या आणि थोड्या वेळाने निघून गेल्या. रविवार असला तरी घरचं आवरायचं असणारच.

हीच गोष्ट माझ्या एखाद्या ग्रामसभेत झाली असती तर रजिस्टरमध्ये असं लिहिलं असतं:

विषय : अमुक गल्लीत पाणी सोडण्याची वेळ कळविणेबाबत. ठराव : पाणी सोडण्याची वेळ आदल्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत गल्लीतील फलकावर लावावी. जबाबदारी : पाणीपुरवठा विभागाचे संबंधित अभियंता. मुदत : पंधरा दिवस. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठराव सर्वानुमते मंजूर.

आणि पुढच्या सभेत विषय क्रमांक एक काय असतो? ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ गावात या विषयाला लोक तंबाखू मळत बसतात, कुणाचं लक्ष नसतं. पण खरी गोम तिथेच असते. मागच्या वेळी काय ठरलं ते मोठ्याने वाचायचं म्हटलं, की काम न करणाऱ्याला त्याच लोकांसमोर बसून ते ऐकावं लागतं.

ग्रामसभांचं फार कौतुक करायला मी बसलेलो नाही. कायद्याने वर्षाला किमान चार सभा घ्यायच्या. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी कमी असेल ती संख्या लागते, आणि तेवढीसुद्धा जमत नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, हे गावच्या पुढाऱ्यांना बरोब्बर पाठ असतं. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. झेंड्याजवळ जिलेबी वाटून संपेपर्यंत सभा ‘खेळीमेळीत’ पार पडलेली असते. हे सगळं जवळून पाहिलंय. तरीही वही असते. तिची नक्कल मागता येते, गटविकास अधिकाऱ्यापर्यंत तक्रार नेता येते. शहरातल्या खुल्या चर्चेनंतर हातात काय उरतं? फ्लेक्स.

जिथे गावाने सभा मनावर घेतली तिथे ती चर्चेवर थांबली नाही. हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर ठेवतात आणि त्यावरून पिकं ठरतात. कमी पाण्याच्या वर्षी कोणती पिकं घ्यायची नाहीत हे तिथेच ठरतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आणला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकला. पाणी आणि पैसा, दोन्ही सभेतच ठरले. लहान गावं आहेत, तिथलं सगळंच्या सगळं शहरात चालणार नाही हे कळतं. पण काय ठरलं ते लिहून ठेवायला गाव लहानच असावं लागतं असं थोडंच आहे?

आमच्याच शहरातलं उदाहरण घ्या. त्याच व्यासपीठावर यंत्रमागाच्या मंदीवर तास-दीड तास भाषणं झाली. सुताचे दर, वीज सवलत, त्यात २७ अश्वशक्तीच्या आतले आणि बाहेरचे यंत्रमाग, खर्चीवाल्याला (दुसऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्याला) पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, मिळणारी मजुरी परवडत नाही, परप्रांतीय कामगार गावी गेला की परत येत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला माग सुरू केला तिथपासून इतिहासही ऐकवून झाला. बोलणारे जाणकार होते, मी वहीची पानंच्या पानं भरली. पण पुढच्या सहा महिन्यांत यातलं कोण काय करणार, हे एकाही पानावर सापडत नाही. ‘शासनाकडे पाठपुरावा करू’ हे वाक्य मात्र इतक्यांदा आलं की शेवटी मी नुसतं ‘शा. पा.’ लिहायला लागलो.

उलट यंत्रमाग कामगारांचं बघा. २०१३ च्या संपानंतर मजुरीवाढ महागाई भत्त्याशी जोडायचं लेखी ठरलं. ठरलेली वाढ प्रत्यक्ष मिळते का यावर आजही भांडण आहे, मालकांचं म्हणणं वेगळं, युनियनचं वेगळं. पण भांडायला दोघांच्याही हातात कागद आहे. पाण्याची वेळ विचारणाऱ्या बाईंच्या हातात काय आहे?

शहरासाठी कायदा नाही असंही नाही. महापालिका अधिनियमात २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभा आली. थोड्या मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले मतदार सभासद आणि नगरसेवक अध्यक्ष. ग्रामसभेचाच शहरी अवतार. सभाच न घेणाऱ्या नगरसेवकाचं पद धोक्यात येईल इतपत कडक तरतूद आहे म्हणे, असं मी ओळखीच्या पाच-सहा जणांना सांगितलं तर त्यांना क्षेत्रसभा हा शब्दच नवा होता. पुण्या-मुंबईतसुद्धा ती मागणारेच जास्त, घेणारे कमी. आमच्याकडे तर २०२२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली आणि नंतरची वर्षं प्रशासकाच्या हाताखाली गेली. निवडून आलेला माणूसच नाही, तर सभेचा अध्यक्ष कुठून आणणार? आता सभागृह आलंय, पण बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. गटारीबद्दल विचारलं की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. क्षेत्रसभा कुणी बोलवायची, कोणत्या क्षेत्राची कुणी, हे आयुक्तांनी आणि महापौरांनी एकदा जाहीर करून टाकावं. यादी वर्तमानपत्रात द्यावी, आपणही ती ठळक छापावी.

तोवर संस्था, मंडळं, व्यापारी-उद्योजक संघटना खुल्या चर्चा घेणारच आहेत, आणि घ्याव्यातही. नेते निवडणुकीच्या बाहेर लोकांसमोर येऊन बसतात हे काही वाईट नाही. फक्त सत्कार शेवटी ठेवा, म्हणजे निदान तोपर्यंत तरी मान्यवर बसतील. चिठ्ठ्या सूत्रसंचालकाच्या फाइलमध्ये न जाता भिंतीवर चिकटवा. कोणता प्रश्न राहिला ते सगळ्यांना दिसू दे. बायकांचे प्रश्न आधी घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायला कायदा लावतो तो उगीच नाही. पुरुषांच्या गर्दीत बाई उठून बोलेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. आणि पुढची तारीख त्याच दिवशी जाहीर करा, मागचं वाचून दाखवायला.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. कोण कोण उपस्थित होते ही नावं खाली घ्या, त्यांना जागाही कमी द्या. वर हे लिहा की काय कबूल केलं, कुणी केलं आणि कधीपर्यंत. काहीच कबूल केलं नसेल तर तेवढंच छापा.

प्रोसिडिंग लिहायला माणूस मिळत नाही ही सबब मात्र कुणी सांगू नये. मी रिकामा आहे, अक्षर अजून वाचण्याजोगं आहे, मानधन नको. स्टेजच्या खाली एक टेबल, एक शंभर पानी रजिस्टर आणि मान्यवरांनी गाडीत बसण्याआधी त्यावर सही करायची, एवढी व्यवस्था आयोजकांनी करावी.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
इचलकरंजी