पांढरी तीन

प्रिय पेटीमास्तर,

तुझी दोन पत्रं आली, दोन्हींना उत्तर गेलं नाही. दुसऱ्यात तर तू एवढंच लिहिलं होतंस, "आहेस ना?" आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी ठीक. दीड वर्ष का लिहिलं नाही याला सांगण्यासारखं कारण नाही. आज लिहायला बसलो ते परवा ताई गायली म्हणून. तिने गावं यासाठी मी एक गोष्ट केली, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. तीच गोष्ट तू माझ्या बाबतीत केली होतीस.

ताईचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं ते तुला फोनवर सांगितलं होतं. ती बरी आहे. बोलते तर तुला काही फरक कळणार नाही, आपल्याला रागावते तेव्हा तर मुळीच नाही. पण गाताना एका जागेच्या वर आवाज जात नाही. त्या ग्रंथीच्या कडेने एक बारीक नस जाते, ती स्वरतंतू ताणणारा स्नायू चालवते. तंतू ताणले की सूर चढतो. ती नस दुखावली तर बोलणं शाबूत राहतं आणि वरचे सूर जातात. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा माईकपुढे उभी राहिली तेव्हा मी तिथेच होतो. तिचं ते गाणं, काळी चारमधलं, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरलेलं. तू किती वेळा वाजवलं आहेस! मुखडा छान झाला. अंतऱ्याची दुसरी ओळ तार गंधाराला, वरच्या सप्तकातल्या ग ला, जाते, तिथे आवाज फुटलासुद्धा नाही, नुसताच नाहीसा झाला. तोंड उघडं, हवा बाहेर येते आहे, आणि सूर नाही. कराओकेचा, नुसत्या साथीचा ट्रॅक पुढे चालला होता. तिने माईक हळूच ठेवला आणि म्हणाली, "कुणीतरी बंद करा रे ते." त्यानंतर आठ महिने गाणं नाही. साधं गुणगुणणंसुद्धा नाही. तिच्या घरात असं कधी झालेलं तुला आठवतं?

ट्रॅक थांबत नाही रे. तू असतास तर तिचा चेहरा बघून भाता सोडला असतास, किंवा तो सूर स्वतः भरून काढला असतास.

म्हणून मी ट्रॅकच खाली आणायचं ठरवलं. किती खाली, हा खरा प्रश्न होता. "गाऊन दाखव" म्हणायची सोय नव्हती. मग एक दिवस लक्षात आलं की ती नातीला हाक मारते! अंगणातून माडीवर, दोन सुरांत, पहिला खाली आणि दुसरा लांबवलेला. मी फोनवर सूर मोजणारा ट्यूनर लावून आठवडाभर तिच्या हाका मोजल्या. (हसू नकोस, तू ट्रकच्या हॉर्नची पट्टी ओळखायचास.) हाक पांढरी सहापर्यंत आरामात जाते, म्हणजे ४४० हर्ट्झ. गाण्यातला तो तार गंधार ५२३ ला. अंतर काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्यांचं. तीनच उतरवल्या तर तो सूर बरोबर काठावर येतो, आणि काठावर उभं राहून कुणी गात नाही. हाकेत माणूस जोर लावतो, गाण्यात तो सूर सहज लागायला हवा, लांबवता यायला हवा. म्हणून चार. मग मोह झाला, पाच करून पाहू. पाचला अंतरा अगदी सुखात आला, पण मुखड्यातला मंद्र निषाद, खालच्या सप्तकातला नी, इतका खाली गेला की तिथे आवाज राहिला नसता, नुसता श्वास उरला असता. तू नेहमी म्हणायचास ना, पट्टी ठरवताना सगळे वरचा सूर बघतात आणि गाणं खालून बुडतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता दोन्ही टोकं कागदावर मांडली तेव्हा पटलं. शिवाय टोकं तरी एकेकदाच येतात, उरलेलं गाणं कुठे रेंगाळतं तेही बघावं लागतं. हे गाणं पंचमाभोवती घोटाळतं, आणि ताईचा मधला आवाज तर पूर्वीपेक्षा भरदार झालाय.

चार खाली म्हणजे षड्ज, सा, आला पांढरी तीनला. पूर्वी जिथे तिचा तार षड्ज होता, नेमका तिथे आता तार गंधार बसला. हे जमलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला तुला फोन करावासा वाटला. केला नाही. का नाही, ते पुढे येईलच.

तुला तो कॅसेटचा उद्योग आठवतो? चरकीवर अंगठा दाबून पट्टी उतरवायची, आणि गाणं शोकसभेला निघाल्यासारखं चालायचं. चार पट्ट्या उतरवायच्या तर वेग पाचव्या हिश्श्याने कमी होतो, चार मिनिटांचं गाणं पाच मिनिटांवर जातं. आता तसं नाही. संगणकावर ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात 'चेंज पिच' असं आहे, तिथे उणे चार लिहिलं की लय जागच्या जागी राहते आणि सूर खाली येतात. आतमध्ये ते ध्वनीचे बारीक तुकडे करून ताणतं आणि पुन्हा जोडतं. एक-दोन पट्ट्यांना कानाला काही कळत नाही. चारला कळतं. तबल्याची शाई ओली झाल्यासारखी वाटते, थापेची धार जाते. मागे कोरस आहे, त्यातल्या मुलींना सर्दी झाल्यासारखी वाटते, कारण सुराबरोबर आवाजाचा घाटही खाली ओढला जातो. आणि बासरी. बासरी सगळ्यात जास्त बिघडते, फुंकच जास्त ऐकू येते. माणूस खाली गाताना किंवा पेटीवाला पट्टी बदलताना असं होत नाही, कारण तुझ्या पेटीत पांढरी तीनचा सूर पांढरी तीनचाच असतो, काळी चारचा सूर खेचून आणलेला नसतो. ट्रॅक खेचून आणलेला होता. मी उंच-सखल करून जमेल तेवढं सावरलं आणि फाईल जुन्याच नावाने ठेवली.

जुन्याच नावाने. इथेच सगळं आहे.

परवा सगळे जमले होते. मी म्हटलं, ताई, एकदा. ती नको म्हणाली. नात म्हणाली, आजी, एकदा. मग उठली. मुखडा झाला. अंतरा आला तसा मी जमिनीकडे बघायला लागलो. आणि तो सूर आला रे! गोल, भरलेला, अजिबात न कापणारा. तिने तो हवा त्याहून जास्त वेळ धरला, ट्रॅकच्याही पुढे. लोक रडले, मी रडलो. खाली बसली आणि सगळ्यांना म्हणाली, "आला की नाही परत?"

आणि मग पाणी पिताना, माझ्याकडे न बघता, "बासरीवाला दमलाय वाटतं."

दोन दिवस झाले, मी ह्या एका वाक्याशी बसलोय. तिला कळलं का? ऐकून पट्टी ओळखणारे फार थोडे असतात, बाकी आपण सगळे सुरांमधलं अंतरच ऐकतो. षड्ज कुठेही ठेवा, गाणं तेच. पण गळ्याला कळतं. चाळीस वर्षं ज्या जागी जोर लावायचा तिथे आज लावावा लागला नाही, हे तिच्या गळ्याला कळलं नसेल? की तिला वाटलं, नस बरी झाली? असं वाटलं असेल तर ती उद्या कुठेतरी दुसऱ्याच्या ट्रॅकवर, काळी चारमध्ये, चारचौघांत उभी राहील, आणि तो सूर पुन्हा नाहीसा होईल. त्याला जबाबदार मी. आणि सांगितलं तर परवाचा तो सूर मीच तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल.

आता तुझ्याकडे येतो. ती स्पर्धा. माझा घसा बसलेला, मी काळी दोन सांगितली, आणि तू एक पट्टी खाली, पांढरी दोन धरलीस. तबलजीला डोळ्याने खुणावलंस, त्याने हातोडी चालवली, मी समजलो सूर जुळवतोय. मी गायलो, आणि मला वाटलं आज गळा काय मोकळा आहे! दोन दिवसांनी तबलजीनेच हसत हसत सांगितलं. मग मी तुला जे बोललो ते तुला आठवतंच आहे, मी इथे पुन्हा लिहीत नाही. "माझा आवाज तू कापलास" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तू एवढंच म्हणालास, "विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?" मी उत्तर दिलं नाही. नंतर आपण बोलायला लागलो, लग्नकार्यात भेटलो, एकमेकांच्या मुलांना खांद्यावर घेतलं, पण मी तुझ्या पेटीबरोबर पुन्हा गायलो नाही, आणि का ते दोघांनाही माहीत होतं.

उत्तर आत्ता देतो. नसतो म्हणालो. मूळ पट्टी म्हणजे माझी इज्जत वाटायची मला. मूळ पट्टी तरी कुणाची? ज्याने पहिल्यांदा गायलं त्याच्या गळ्याची. त्याच्यासाठीही कुणीतरी पेटीवर शोधूनच ठरवली असणार. खाली आणलं म्हणून गाणं लहान होत नाही, हे ताईचा तो सूर ऐकताना मला जितकं स्वच्छ कळलं तितकं कधीच कळलं नव्हतं. तू चुकला नव्हतास. मला माफ कर. पण न सांगितल्याचं मला लागलं होतं, तेही खोटं नव्हतं, आणि आता तेच मी ताईला केलंय. म्हणून विचारतो, माझ्यापासून लपवताना तुला झोप लागली होती का? तू मला स्वतःहून सांगणार होतास का कधी?

एक गोष्ट वाचली ती तुला आवडेल. जपानमधल्या कोबेतला दाइसुके इनोउए हा क्लबात साथीला वाद्य वाजवणारा माणूस, तुझ्यासारखाच गाणाऱ्याला सांभाळून घेणारा. त्याच्या साथीवरच नीट गाता येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला सहलीला साथ करायला बोलावलं. त्याला जाता येईना, म्हणून त्याने आपली साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच पुढे १९७१ मध्ये त्याने कराओकेचं यंत्र केलं. म्हणजे मुळात माणसाला येता आलं नाही म्हणून टेप गेली.

माझ्याकडे टेप आहे. मला माणूस हवाय. ट्रॅकवर ती ओढलेली बासरी ऐकत तिने गावं हे मला सहन होत नाही. तू येऊन पांढरी तीन धर. मी तिला त्याआधी सगळं सांगेन, ट्यूनर आणि हाका आणि उणे चार, सगळं. तू आल्यावर नव्हे, आधी. तिला हो म्हणायचं की नाही ते ती ठरवेल. तिने "बासरीवाला" म्हटलं ते तिला सगळं कळलंय हे मला दाखवायलाच म्हटलं असेल, असंही रात्री वाटतं, आणि सकाळी वाटत नाही.

तुझं काय चाललंय? वहिनींच्या बदलीचं झालं का? धाकटीचा निकाल लागला असेल, अभिनंदन समजायचं ना? गुडघ्यासाठी जिना टाळ. घराचं काम संपलं का ते कळव.

आणि येताना ती जुनीच पेटी आण, नवी नको. मधल्या सप्तकातली पांढरी तीन दाबली की तिची जीभ किंचित उशिरा बोलायची, तेवढी दाखवून आण. ताईला तो षड्ज पहिल्याच फुंकीला मिळायला हवा.

तुझा,
काळी दोनवाला