चित्र चिकटवू नका, टांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या अंकांतली चित्रं घरच्या घरी फ्रेम करायची कृती आली होती. चित्र कापा, मागून फेविकॉल लावून पुठ्ठ्यावर चिकटवा, वर काच ठेवा, भिंतीवर लावा. हौस चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण असं लावलेलं चित्र नागपुरात एक पावसाळाही धड काढत नाही. आम्ही फ्रेमचं आणि बाइंडिंगचं काम करणारे वाचक आहोत. नेमकं काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं, एवढंच सांगायला हे पत्र.

आधी कागद ओळखावा. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅमचा असतो. लाकूड यंत्राने भरडून तो केलेला असतो, त्यामुळे लाकडाचे धागे जोडून ठेवणारं लिग्निन त्यात तसंच राहतं. ऊन आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि कागदात आम्ल वाढत जाऊन धागे ठिसूळ होतात. बल्लारपूरच्या कागदगिरणीसारख्या ठिकाणी बांबू आणि लाकूड रसायनांत शिजवून लिग्निन काढून टाकतात. म्हणून वहीचं पान वर्षानुवर्षं पांढरं राहतं आणि त्याच कपाटातलं कात्रण तपकिरी होऊन घडीवर तुटतं. मासिकाच्या गुळगुळीत पानावर चिनी माती किंवा खडूच्या भुकटीचा लेप असतो. ओलं बोट कोपऱ्यावर घासून बघा, पांढुरकी साय बोटाला लागली तर लेप आहे. या कागदाला पाणी वर्ज्य, कारण ओला लेप ज्याला टेकेल त्याला चिकटतो आणि सोडवताना चित्र घेऊन निघतो. स्वस्त साप्ताहिकांत लेपाखालीही भरडीचाच कागद असू शकतो. मुखपृष्ठं मात्र बहुधा जाड, चांगल्या कागदावर असतात. ज्यांच्या माळ्यावर दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांचे दिवाळी अंक पडलेत, त्यांनी सुरुवात मुखपृष्ठापासून करावी.

आता फेविकॉल. पातळ कागदाला पूर्ण फेविकॉल लावला की धाग्यांमधली हवा जाऊन तिथे गोंद बसतो आणि कागद अर्धपारदर्शक होतो. आलुबोंड्याच्या पुड्याला तेल लागलं की पलीकडची अक्षरं दिसतात, तोच हा प्रकार. चित्रातल्या माणसाच्या गालावर मागच्या पानाची जाहिरात उमटते आणि नंतर काही करता येत नाही. शिवाय ओला कागद धाग्यांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, पुठ्ठा तेवढा फुगत नाही, म्हणून फुगे आणि सुरकुत्या येतात. (वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं, ते याच धाग्यांमुळे.) आणि करडा पुठ्ठा स्वतः रद्दीतूनच झालेला, म्हणजे त्याचं आम्लही चित्रात उतरणार.

पान सोडवतानाच निम्मी चित्रं जातात. पिनांच्या अंकात मधलं पान उघडून पिनेचे पाय बोथट सुरीने सरळ करावेत आणि पीन पाठीकडून काढावी. ओढलेलं पान पिनेच्या भोकापासून फाटतंच. चिकटबांधणीच्या अंकाचा गोंद उष्णतेने मऊ होतो. पाठीवर हेअर ड्रायर मिनिटभर फिरवला की पान सुटतं. नाही सुटलं तर पाठीपासून २ मिमी सोडून स्टीलच्या फुटपट्टीवर कटर चालवावा. जोडपानी चित्र अशा अंकात असेल तर मधले ४-५ मिमी गेलेच समजा. पिनांच्या अंकाचं मधलं जोडपान मात्र अखंड निघतं.

घडी घालवायला इस्त्री नको. उष्णतेने भरडीचा कागद आणखी पिवळा होतो, वर्तमानपत्राची शाई इस्त्रीच्या कापडावर उतरते आणि गुळगुळीत पानावर चमकदार डाग पडतात. वर्तमानपत्राच्या कागदाला नुसती दमट हवा पुरते. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओला पिळलेला पंचा, त्यावर जाळी, जाळीवर चित्र. झाकण लावून अर्धा-पाऊण तास ठेवावं. पाण्याचा थेंब चित्रावर पडता कामा नये. मग दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि चार-पाच किलो वजन. टीपकागद पंधरा मिनिटांनी बदलावा, पुन्हा तासाभराने, आणि मग चित्र २४ तास दाबून ठेवावं. गुळगुळीत पान ओलावू नये. बटरपेपरमध्ये ठेवून आठवडाभर कोरडंच दाबावं.

चित्र टांगायचं ते कागदाच्या दोन लहान बिजागऱ्यांवर. बिजागरीला लांब धाग्याचा पातळ पांढरा हातकागद घ्यावा, नेपाळी कागदही चालतो. संक्रांतीचा उरलेला पतंगी कागद नको, ओला झाला की त्याचा रंग उतरतो. सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत त्याचा गोंद कागदात मुरून तेलकट तपकिरी पट्टा उरतो आणि वरचं प्लास्टिक गळून पडतं.

बिजागरीला लागणारी खळ विदर्भातल्या घरांत चैत्र-वैशाखात आपसूक होते. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो, तो म्हणजे गव्हाचा स्टार्च. जुन्या कागदपत्रांची दुरुस्ती करणारेही गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात. मीठ-हिंग घालण्याआधी त्यातला २ चमचे घट्ट चीक बाजूला काढावा, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. त्यात ६ चमचे पाणी घालून मंद आचेवर, न थांबता ढवळत, १५-२० मिनिटं शिजवावं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की झालं. कच्ची राहिली तर धरत नाही, घाई केली तर गुठळ्या होतात. गार झाल्यावर कापडातून गाळून सायीइतकी पातळ करावी. एवढ्यात डझनभर चित्रं होतात. फ्रीजमध्ये ती चार दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यावी. बाइंडिंगच्या खळीत किड्यांसाठी मोरचूद घालायची जुनी रीत आहे. चित्राच्या खळीत तो घालू नये, तांब्याने कागद लवकर ठिसूळ होतो. मैद्याची खळ चालते, पण ती जास्त कडक वाळते आणि कसरीला जास्त आवडते.

दीड सेंमी रुंद आणि तीन सेंमी लांब अशा दोन पट्ट्या घ्याव्यात. कडा कात्रीने न कापता ओल्या ब्रशची रेघ ओढून फाडाव्यात, म्हणजे कडेचे धागे मोकळे राहतात आणि पुढून वळ दिसत नाही. पट्टीच्या टोकाला फक्त ३-४ मिमी खळ लावून ती चित्राच्या मागे, वरच्या कडेला, दोन्ही कोपऱ्यांजवळ लावावी. वर टीपकागद आणि अर्धा-एक किलो वजन, तासभर. मग पट्टीचा उरलेला भाग मागच्या माउंटबोर्डावर (फ्रेमकामाचा जाड पुठ्ठा) चिकटवून त्यावर आडवी एक पट्टी. झालं. बाकी तिन्ही कडा मोकळ्याच राहू द्याव्यात. दमट हवेत कागद फुगणार, कोरड्या हवेत आखडणार. चारही कडा बांधल्या तर तो मधे पोट काढतो किंवा फाटतो. बिजागरी चित्राच्या कागदापेक्षा कमजोर हवी, म्हणजे धक्का बसला तर ती तुटेल, चित्र वाचेल.

काच चित्राला कधीही टेकू नये. टेकलेल्या काचेवर आतून बाष्प धरतं आणि गुळगुळीत पान तिला चिकटतं. म्हणून माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यामधली, खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट. तो काही नुसत्या शोभेसाठी नसतो. सुमारे दीड मिमी जाडीचा, शक्यतो अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्ड घ्यावा. खिडकी चित्रापेक्षा चारही बाजूंनी ३ मिमी लहान कापावी. २० बाय २५ सेंमीच्या चित्राला वर आणि बाजूंना ६ सेंमी आणि खाली ७ सेंमी माउंट सोडावा. सगळीकडे सारखा सोडला तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. कटरचं पातं चार कापांनंतर मोडून नवं घ्यावं. बोथट पात्याने कोपऱ्यात भुसा निघतो आणि तो नेमका पांढऱ्या माउंटवर उठून दिसतो.

रचना अशी: २ मिमी काच, माउंट, चित्र टांगलेला मागचा माउंटबोर्ड, पॉलिएस्टरची फिल्म, शेवटी हार्डबोर्ड. फिल्म मिळाली नाही तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल सपाट करून वापरावी. हार्डबोर्डातून निघणारी आम्लं चित्रापर्यंत जाऊ नयेत, एवढंच तिचं काम. हे सगळं मिळून साधारण ८ मिमी होतं, वर चुका मारायला जागा लागते, म्हणून फ्रेमच्या पट्टीची खाच १० ते १२ मिमी खोल हवी. दुकानात पट्टी निवडताना आपण नक्षी बघतो, खाच बघायला विसरतो. मग दुकानदार माउंट काढून टाका म्हणतो! मागची फट ब्राऊन पेपरच्या गमटेपने बंद करावी, नाहीतर कसर आणि झुरळं आत जातात. साधा सेलोटेप मे महिन्यात सुटतो.

फ्रेम बंद करायचं काम श्रावणात करू नये, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळ्याचं वेगळंच. बाहेर पारा ४५ च्या वर आणि हवा खडखडीत कोरडी, घरात मात्र कूलरचा दमट झोत. त्या झोतासमोरची फ्रेम दिवसा फुगते आणि कूलर बंद झाला की आखडते, असं रोज. म्हणून कूलरच्या समोरची भिंत टाळावी, पश्चिमेची तापणारी आणि पावसाळ्यात पाझरणारी भिंतही टाळावी. आतली भिंत सर्वांत चांगली. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. साधी काच ऊन थांबवत नाही, हेही लक्षात असावं.

एवढं करूनही वर्तमानपत्राचं कात्रण उजेडात पिवळं पडणारच. आमचं मत स्पष्ट आहे: मासिकाचं मूळ चित्र टांगावं, वर्तमानपत्रातल्या चित्राची स्कॅन करून छापलेली प्रत टांगावी आणि मूळ अंधारात ठेवावं. प्रत काढताना कात्रणाच्या मागे काळा कागद ठेवावा. पांढरा ठेवला तर मागची छपाई उठून दिसते, काळ्यावर ती बुडते. चित्र जरा गडद येतं, ते संगणकावर उजळता येतं. त्याच आकाराच्या प्रतीसाठी ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावं, दुपटीसाठी ६०० वर. छापील चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी, वर्तमानपत्रात इंचाला साधारण ८५ ते १०० ओळींची. ती स्कॅनरच्या जाळीशी भिडली की लाटा उमटतात, म्हणून 'डिस्क्रीन' ची सोय चालू करावी. ती नसेल तर ६०० वर स्कॅन करून किंचित धूसर करावं आणि मग लहान करावं. छपाई पिगमेंट शाईची मागावी. आपल्या भिंतीसाठी एखादी प्रत काढणं वेगळं, प्रती विकणं वेगळं. २०१२ च्या कायदादुरुस्तीपासून छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो.

मूळ कात्रणाचं आम्ल मारायची एक घरगुती रीत आहे. लिटरभर साध्या सोडा वॉटरमध्ये २ मोठे चमचे मिल्क ऑफ मॅग्नेशिया (औषधाच्या दुकानात मिळणारं), बिनवासाचं आणि बिनरंगाचं, घालून बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. वरचं निवळ पाणी पसरट ताटात ओतून कात्रण जाळीवर ठेवून तासभर बुडवायचं आणि जाळीसकट उचलून टीपकागदांत वाळवायचं. आधी कोपऱ्यावर थेंब टाकून शाई हलते का ते बघावं. कात्रण यामुळे पांढरं होत नाही, पिवळं पडण्याचा वेग कमी होतो. गुळगुळीत पानाला हे करू नये.

ट्रे किंवा डब्यावर चित्र चिकटवायचंच असेल, तर ते टिकवण्याचा विचार सोडून द्यावा आणि मजेने करावं. चित्राच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचा हलका हात मारून वाळवावं. तीन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी असं मिश्रण चित्राला न लावता डब्याला लावावं, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढावी.

शेवटी एक मागणी आपल्याकडे. गणेशोत्सवात आणि दिवाळीत आपण पानभर चित्र देता, लोक ते जपतात. त्या पानाच्या मागे काळ्या ठोकळ्याची जाहिरात देऊ नका, हलका मजकूर द्या. चित्राभोवती किमान २ सेंमी कोरी कड सोडा, म्हणजे माउंटखाली धरायला जागा मिळते. आणि अंकाची आडवी घडी चेहऱ्यावर येणार नाही असं चित्र वर किंवा खाली सरकवा. छापताना एवढं सांभाळलंत, तर आमचं निम्मं काम वाचेल.

आपले,
फ्रेमकाम आणि बाइंडिंग करणारे काही वाचक,
नागपूर