विज्यास पत्र: गोल्फचं सव्वा वर्ष आणि एक टॉवेल

सोलापूर,
२० एप्रिल २०२५

प्रिय विज्या,

गेल्या रविवारी रात्री झोपलोच नाही. अमेरिकेत ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धेत रोरी मॅकिलरॉयचा शेवटचा पट, म्हणजे हिरवळीवरून भोकाकडे ढकललेला चेंडू, भोकात गेला तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट होती. १४ एप्रिल, जयंतीची सुट्टी, माग बंद. आवाज बारीक करून मोबाईलवर बघत होतो. तो ऑगस्टाच्या हिरवळीवर गुडघ्यांवर कोसळला, कपाळ जमिनीला टेकवून रडला, तेव्हा माझेही डोळे भरले. हिला उठवून सांगितलं. तिला खेळातलं फारसं कळत नाही, पण उठली आणि चहा टाकला.

लगेच तुला फोन लावणार होतो. पण तू परत तेच म्हणाला असतास, जे दिवाळीत येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर म्हणालास: "जाऊ दे बे, आपण हौशी." ते वाक्य तेव्हापासून मनात सलतंय. फोनवर मला नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहितो.

हा खेळ माझ्या आयुष्यात टॉवेलमुळे आला, हे तुला माहीत आहेच. पहिल्या ऑर्डरचा नमुना आला तेव्हा टॉवेलच्या मधोमध चीर होती. मला वाटलं, शिलाईची चूक. तूच सांगितलंस की त्या चिरेतून तो क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठीवर, अडकवतात. कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, अर्धा टॉवेल ओला ठेवतो, अर्धा कोरडा. ओल्या बाजूनं क्लबच्या तोंडावरच्या खाचांतली माती काढायची, कोरड्या बाजूनं पुसायचं. खाच भरलेली राहिली तर चेंडूला फिरकी बसत नाही, हिरवळीवर पडला तरी तो थांबत नाही. आपला टेरीचा माग ताण्याच्या दोन बीमवर, म्हणजे रुळांवर, चालतो, एक ताठ, एक सैल. सैल बीमच्या धाग्याचे वळसे वर उभे राहतात आणि ते वळसेच खाचेत शिरून माती उचलतात. पहिल्या लॉटमधला बराच माल परत आला होता. चिरेची टोकं उसवत होती. चूक आमचीच, टोकांना बारटॅक, म्हणजे घट्ट आडवी शिलाई, मारला नव्हता. आता मारतो, आतून पट्टीही लावतो. माल कुठं जातो ते कळावं म्हणून सामने बघायला लागलो आणि त्यात गुंतत गेलो.

गेल्या वर्षी जानेवारीत आपली गड्ड्याची जत्रा भरलेली असतानाची गोष्ट. अलाबामा विद्यापीठात शिकणारा निक डनलप, वय वीस, कॅलिफोर्नियातली अमेरिकन एक्सप्रेस स्पर्धा जिंकला. व्यावसायिकांची स्पर्धा, जिंकणारा हौशी. १९९१ साली फिल मिकलसननं असं केलं होतं, त्यानंतर थेट हाच. पहिलं बक्षीस १५ लाख १२ हजार डॉलर. हौशी म्हणून त्याला त्यातला एक डॉलरही घेता आला नाही. सगळी रक्कम एका फटक्यानं मागे राहिलेल्या क्रिस्टियान बेझुइडेनहाउटला गेली. शेवटच्या भोकावर त्या पोराला सहा फुटांचा पट टाकायचा होता. पैसे मिळणार नाहीत हे पक्कं ठाऊक असताना टाकलेला पट. त्याचे हात बघायला हवे होतेस. काही दिवसांतच तो व्यावसायिक झाला आणि जुलैत पुन्हा एक स्पर्धा जिंकला.

नंतर वर्षभर स्कॉटी शेफलर जिंकतच राहिला. मास्टर्स, मग पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, तेही शेवटच्या दिवशी फक्त ६२ फटक्यांत फेरी संपवून. बायकांमध्ये नेली कोर्डानं लागोपाठ पाच स्पर्धा घेतल्या. पण माझ्या मनात घर केलं ते लिडिया कोनं. रिओत रौप्य, टोकियोत कांस्य आणि पॅरिसमध्ये सुवर्ण. दोन आठवड्यांनी सेंट अँड्र्यूजला महिलांची ब्रिटिश ओपनही. टोकियोत आपली अदिती अशोक चौथी आली होती, पदक एका फटक्यानं हुकलं, ती सकाळ तुला आठवते ना? त्या वेळच्या कांस्यवालीला सुवर्ण घेताना बघून मला अदितीचीच आठवण येत राहिली.

आणि जूनमध्ये पाइनहर्स्ट. यूएस ओपनमध्ये रोरी पुढे होता. सोळाव्या भोकावर अडीच फुटांचा पट चुकला, अठराव्यावर पावणेचार फुटांचा. ब्रायसन डिशँबोनं वाळूतून चेंडू काढून भोकाजवळ ठेवला आणि एका फटक्यानं जिंकला. अडीच फूट म्हणजे आपल्या टॉवेलची लांबी, विज्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात टेबलावर टॉवेल पसरला आणि बराच वेळ नुसता बघत बसलो.

म्हणून ऑगस्टात अठराव्यावर पुन्हा पाचेक फुटांचा पट त्याच्याकडून चुकला, तेव्हा मला खुर्चीत बसवेना. तेराव्यावर चेंडू ओढ्यात घालून दोन फटके गमावले होते, सगळी आघाडी गेली होती, आणि आता जस्टिन रोझशी बरोबरी. त्याचा कॅडी हॅरी डायमंड, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. परत टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे, जाताना तो एवढंच म्हणाला म्हणे, की स्पर्धेआधीच्या सोमवारी सकाळी कुणी हे देऊ केलं असतं तर आपण आनंदानं घेतलं असतं. बरोबरी फोडायच्या जादाच्या भोकावर रोरीनं चेंडू चार फुटांत आणला आणि पट टाकला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो सहावा. अकरा वर्षांच्या उपासानंतर.

आता दिवाळीची गोष्ट. तुझी बॅग माझ्या खांद्यावर होती. चौदाव्या भोकाला लांब गवतात तू क्लब टेकवलास आणि चेंडू जरासा हलला. मी दहा पावलांवर होतो, मला दिसलं नाही. बाकीचे दोघे तर पलीकडच्या झाडीत होते. तू स्वतःहून हात वर केलास, कार्डावर दंडाचा एक फटका वाढवलास आणि त्याच एका फटक्यानं महिन्याची स्पर्धा गेली. मी विचारलं तर म्हणालास, जाऊ दे, आपण हौशी.

१९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनं हेच केलं होतं. गवतात चेंडू हलला, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, त्यानं स्वतःवर एक फटका लावून घेतला. मग बरोबरी झाली आणि ती फोडायच्या प्लेऑफमध्ये तो हरला. हा माणूस स्पर्धा सोडेपर्यंत हौशीच राहिला. १९३० साली अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा जिंकला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या. रोरी ज्या ऑगस्टावर कोसळला ते उभं करणारा तोच.

आपण राज्य नाट्य स्पर्धेला उतरलो होतो तेव्हा फॉर्मवर 'हौशी' असंच लिहिलं होतं की. दिवसभर मागावर आणि रात्री अकरापर्यंत तालीम. तुझा घसा बसला, तरी तू एक प्रवेश सोडला नाहीस. तेव्हा हा शब्द तू छाती काढून म्हणायचास. आता तोच शब्द खांदे पाडून म्हणतोस, ते मला बघवत नाही.

मे महिन्याच्या स्पर्धेत नाव दे. मी शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं येतो, बॅग मीच उचलणार.

सोबत नवा टॉवेल पाठवतोय, गडद निळा, चिरेला दुहेरी शिलाई. पहिल्यांदा एकटाच धू, रंग सोडेल. दोन धुण्यांनंतरच नीट पाणी प्यायला लागेल, तेव्हा आत्ताच भिजत घाल. काकूंना नमस्कार, वहिनींना शेंगाचटणीचा डबा वेगळा दिलाय.

तुझा,
नंदू