एंगेलबर्गच्या हॉटेलात भेटलेल्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि त्या धांदलीत आपला फोन नंबर घेण्याचेही राहून गेले, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. गेल्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील एंगेलबर्ग गावी, टिटलिस पर्वताच्या पायथ्याच्या एका हॉटेलात, रात्री साडेदहाच्या सुमारास आपण आमच्या खोलीच्या उघड्या दारापाशी थांबलात आणि ‘काय अडचण आहे?’ असे मराठीत विचारलेत. आपण दुसऱ्या एका सहलीबरोबर आला होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच आपली बस निघून गेली. वीज मंडळात उभी नोकरी झाली, एवढीच आपली ओळख आपण दिली होतीत. तेवढ्या खुणेवर हे पत्र आपल्यापर्यंत, किंवा आपल्याला ओळखणाऱ्या कोणापर्यंत तरी पोहोचेल अशी आशा आहे.

माझ्या आईला झोपेत श्वास अडखळण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा त्रास आहे आणि गेली चार वर्षे ती सीपॅप यंत्र लावूनच झोपते. नाकावर मास्क बसवला की ते यंत्र रात्रभर ठरावीक दाबाने हवा देत राहते आणि त्यामुळे घशातला मार्ग मिटत नाही. यंत्राशिवाय गेलेली रात्र म्हणजे दर थोड्या वेळाने दचकून उठणे आणि दुसऱ्या दिवशी जड डोक्याने, सुजल्या डोळ्यांनी बसून राहणे. युरोपला येताना तिची एकच धास्ती होती, की यंत्र चालेल ना. मी तिला छातीठोकपणे ‘चालेल’ म्हणून सांगितले होते, कारण पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन मी ‘युरोपचा अडॅप्टर’ विकत घेतला होता आणि पॅरिसमध्ये व त्यानंतर जर्मनीत तो उत्तम चाललाही होता.

एंगेलबर्गला पोहोचल्यावर तोच अडॅप्टर पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये जाईना. भिंतीत एक षटकोनी खोलगट खाच होती, तिच्यात तीन बारीक भोके होती आणि माझ्या अडॅप्टरचे गोल तोंड त्या खाचेच्या कडेवरच अडत होते. काउंटरवर चौकशी केली, तर हॉटेलकडचे सगळे अडॅप्टर त्या संध्याकाळी उतरलेल्या पाहुण्यांनी आधीच नेले होते आणि गावातली दुकाने केव्हाच बंद झाली होती. आई मास्क मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली होती. ‘एक रात्र मी बसून काढीन, तू झोप’ असे ती पुन:पुन्हा म्हणत होती, आणि ते ऐकवत नव्हते.

आमच्या सहलीतील एक गृहस्थ मदतीला धावून आले होते. त्यांचा हेतू चांगला होता, हे मी आजही मानते. एका जुन्या चार्जरची वायर कापून, टोके सोलून, ती उघडी तांब्याची टोके सॉकेटच्या भोकांत घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायची, असा त्यांचा बेत होता. गावाकडे लग्नाच्या मांडवात हे सर्रास पाहिलेले असल्यामुळे मलाही त्यात फारसे वावगे वाटले नाही, आणि त्यांना उजेड दिसावा म्हणून मोबाइलचा टॉर्च मीच धरला होता. आपण नेमके त्याच वेळी आत आलात, आवाज जराही न चढवता ती वायर त्यांच्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, ‘इथे सॉकेटला बटण नसतं. भोकात कायम करंट असतो.’

काका, हे वाक्य मी विसरलेले नाही. आपल्याकडे आधी बटण बंद करायचे, मग पिन घालायची, ही सवय हाताला इतकी मुरलेली असते की बटणच नसलेल्या सॉकेटपुढेही आपला हात तितक्याच निर्धास्तपणे जातो. त्या गृहस्थांची बोटे उघड्या तांब्यापासून अर्ध्या इंचावर होती. यंत्र सुरू झाले म्हणून मी आपली ऋणी आहेच, पण ती वायर आपण काढून घेतलीत याबद्दल अधिक ऋणी आहे.

त्यानंतर आपण जे केलेत ते मला अजूनही जसेच्या तसे दिसते. चश्मा कपाळावर सरकवून आपण यंत्राच्या वीजपुरवठ्याचा काळा ठोकळा हातात घेतलात, त्याच्या पोटावरची बारीक अक्षरे दिव्याखाली धरून मोठ्याने वाचलीत, ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्झ’, आणि म्हणालात की विजेची काही अडचण नाही, इथेही आपल्यासारखेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहेत, अडचण फक्त प्लगच्या आकाराची आहे. मग ठोकळ्यात जाणारे केबलचे टोक आपण अलगद ओढलेत आणि ते सुटून हातात आले. चार वर्षे रोज ते यंत्र लावत असूनही ती केबल सुटी होते हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. ते टोक आपण माझ्यासमोर धरलेत आणि विचारलेत, ‘हे कुठे पाहिलंय?’ ते संगणकाच्या मागे लागणाऱ्या केबलचेच टोक होते. यंत्र पुण्याचे असले तरी केबल त्या देशाची चालते, मग अडॅप्टर हवाच कशाला, असे आपण म्हणालात आणि जिन्याने खाली निघालात.

काउंटरवरच्या रात्रपाळीच्या तरुणाला आपली मोडकीतोडकी इंग्रजी आणि आपल्याला त्याची तशीच जेमतेम कळत होती, पण आपण केबलचे टोक दाखवताच त्याला सगळे उमगले. मागच्या खोलीत पडून असलेल्या एका जुन्या स्क्रीनची केबल त्याने काढून दिली. तिच्या दुसऱ्या टोकाला स्विस पद्धतीच्या तीन बारीक पिना होत्या आणि मधली पिन किंचित एका बाजूला सरकलेली होती. आधी यंत्राकडचे टोक लावायचे आणि मगच भिंतीत प्लग घालायचा, हे आपण मला स्वतः करायला लावलेत. यंत्रावरचा हिरवा आकडा उजळला आणि हवेची ती ओळखीची मंद घरघर सुरू झाली, तेव्हा आई काही बोलली नाही, तिने फक्त आपल्याला हात जोडले. त्या तरुणाचेही मी याच पत्रात आभार मानते.

एवढ्यावर आपण निघून गेला असतात तरी उपकार पुरेसे होते. परंतु आमची सहल पुढे इटलीला जाणार आहे हे कळताच आपण हॉटेलच्या एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने चार सॉकेट काढून दिलीत. तो कागद माझ्यासमोर आहे. पहिले फ्रान्सचे, त्यात अर्थिंगचा दांडा सॉकेटमधूनच बाहेर आलेला. माझ्या अडॅप्टरला त्या दांड्यापुरते भोक होते, म्हणून पॅरिसमध्ये निभावले. दुसरे जर्मनीचे, खोल गोल वाटीसारखे, अर्थिंगच्या पट्ट्या दोन्ही कडांना. या दोन्ही देशांत जाड पिना ४.८ मिलिमीटरच्या असतात, तर तिसऱ्या, स्विस सॉकेटची भोके ४ मिलिमीटरच्या पिनांसाठी असतात. माझा अडॅप्टर कडेवर अडला नसता तरी भोकात गेलाच नसता आणि जोर लावला असता तर आतल्या पट्ट्या पसरल्या असत्या. चौथे इटलीचे, तीन भोके एका ओळीत, आणि त्यातही १० अँपिअरचे आकाराने लहान व १६ अँपिअरचे मोठे. ‘युरोपचा अडॅप्टर द्या’ ही माझी मागणीच अपुरी होती हे त्या कागदाने मला दाखवले. दुकानदाराला देशांची नावे सांगायला हवी होती.

आपल्या भारतीय थ्री पिनची गोष्टही आपण ओघात सांगितलीत, ती मला फार आवडली. आपल्या गोल जाड पिना मूळच्या ब्रिटिशांच्या. त्यांनी १९४७ साली चौकोनी पिनांची नवी पद्धत आणली आणि आपण जुनी गोल पद्धतच पुढे चालवली. त्यामुळे आपला पाच अँपिअरचा थ्री पिन प्लग युरोप खंडातल्या सॉकेटांत सरळ बसत नाही आणि खुद्द इंग्लंडातल्या सॉकेटांतही बसत नाही.

मोबाइलच्या चार्जरला असतो तो बारीक दोन पिनांचा चपटा युरोपीय प्लग मात्र फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली अशा चारही ठिकाणी जातो, हे सांगून आपण लगेच बजावलेत की तो अडीच अँपिअरपुरताच असतो आणि त्याला अर्थिंग नसते. म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ५७५ वॅट. मोबाइल, कॅमेरा, आईचे ९० वॅटचे यंत्र यांना एवढे पुष्कळ झाले. परंतु आमच्या मजल्यावर त्याच वेळी निदान तीन खोल्यांत चहासाठी इलेक्ट्रिक किटल्या लागलेल्या होत्या. पंधराशे वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते, तिच्या धातूच्या अंगाला अर्थिंग हवेच असते, आणि बहुतेक चौकोनी युनिव्हर्सल अडॅप्टरांतून अर्थिंग पुढे जातच नाही. हे आपण सांगत असतानाच शेजारच्या खोलीतील मावशींनी त्यांचा अडॅप्टर आणून दाखवला. तो हातात धरवत नव्हता आणि एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडले होते. आपण त्यांना रागावला नाहीत. गरम पाणी खालच्या भोजनगृहातून थर्मासमध्ये भरून मिळेल, असे सांगून थर्मास घेऊन आपण स्वतः त्यांच्याबरोबर खाली गेलात. आपल्या माणसांना परमुलखात सकाळी उठल्या उठल्या घरचा चहा लागतो, हे मी समजू शकते. त्यासाठी थर्मासचा मार्ग आहे हे सहलीच्या पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते, तर किती बरे झाले असते!

न्हाणीघरात आरशाशेजारी दाढीच्या यंत्रासाठी एक सॉकेट होते आणि यंत्र तिथे लावून पाहावे असेही माझ्या मनात आले होते. त्याच्यामागे अगदी लहान ट्रान्सफॉर्मर असतो, तो दाढीच्या यंत्रापुरताच, असे सांगून आपण तोही विचार मोडून काढलात.

त्या रात्री आई सलग सात तास झोपली. दुसऱ्या दिवशी फिरत्या रोपवेने ती टिटलिसवर गेली आणि तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, बर्फात, काठी टेकत स्वतःच्या पायांनी चालली. तिचा तिथला फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. रात्र बसून काढली असती तर ती बसमध्येच थांबली असती, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

हॉटेलची केबल परत करून त्याच दिवशी ल्युसर्नला मी तशीच एक विकत घेतली आणि उरलेल्या दोन्ही रात्री निर्धास्त गेल्या. ती केबल इटलीत चालणार नाही, कारण स्विस प्लगची मधली पिन बाजूला सरकलेली आणि इटलीची भोके सरळ ओळीत, हे आपण लिहूनच ठेवले होतेत. व्हेनिसजवळ मेस्त्रेच्या हॉटेलात पलंगाशेजारी तीन भोकांचे इटालियन सॉकेट होते, पण टेबलाच्या मागे जर्मन वाटी आणि इटालियन भोके एकत्र असलेले सॉकेट मला सापडले आणि जुना जाड पिनांचा अडॅप्टर तिथे चपखल बसला. पलंग दोन हात सरकवावा लागला, एवढेच. फ्लॉरेन्सच्या हॉटेलात मात्र दाराजवळच्या खाचेत किल्लीचे कार्ड असेपर्यंतच खोलीतली वीज चालू राहत असे. पहिल्या सकाळी कार्ड घेऊन न्याहारीला गेलो आणि परतल्यावर दोघींचेही फोन अर्धेच भरलेले होते. काउंटरवर मागितल्यावर दुसरे कार्ड लगेच मिळाले. हे आपल्या कागदावर नव्हते, म्हणून आपल्याला कळवत आहे. पुढच्या सहलीत आपल्याही उपयोगी पडेल.

पुण्यात परतल्यावर आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात मी आपल्या कागदाच्या प्रती वाटल्या. सीपॅप वापरणारे तेथे आणखी चौघे निघाले. चौघांनीही घरी जाऊन आपापल्या यंत्राची केबल ओढून पाहिली. तिघांची सुटी झाली. चौथ्यांच्या केबलचे टोक निराळे आहे, आठच्या आकड्यासारखे, आणि तसल्या टोकाचीही त्या त्या देशाची केबल मिळते हे त्यांना शोधून देता आले.

कागदाच्या तळाशी आपण पाचवे सॉकेट काढलेत, इंग्लंडचे, तीन चौकोनी भोकांचे, आणि त्याखाली लिहिलेत, ‘प्लगच्या पोटात फ्यूज असतो. कधी गेलात तर.’ येत्या जूनमध्ये माझ्या मामेभावाकडे आम्ही दोघी बर्मिंगहॅमला जाणार आहोत. ती केबल मी आणली आहे, प्लगमधला फ्यूज बाहेर काढून पाहिला आहे, आणि आईच्या यंत्राच्या पिशवीत ती स्विस केबलशेजारी ठेवली आहे. पिशवी आईने स्वतः शिवली, कप्प्यांवर देशांची नावे तिनेच दोऱ्याने काढली. आपल्याला तिचा नमस्कार सांगायला तिने मला दोनदा बजावले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींची लेक, पुणे